एकट्याची धांव

इसवी सन २०२० च्या मार्च महिन्यांत जे नवे शब्द घरोघर येऊन बसले, त्यांपैकीं 'सामाजिक अंतर' हा एक होय. इंग्रजीवरून तो घाईनें उतरवून घेतलेला होता, आणि घाईंत घेतलेल्या पुष्कळ वस्तूंप्रमाणें थोडा सदोषही होता. राखावयाचें अंतर तें देहादेहांतील. मनामनांत अंतर पडावें असें कोणाच्याही मनांत नव्हतें. हा दोष ध्यानीं येऊन जागतिक आरोग्य संघटनेनें त्याच महिन्यांत 'शारीरिक अंतर' असा शब्द योजण्यास आरंभ केला. आपल्या देशांत तर त्या शब्दाला एक कडवट चवही होती. कोणीं कोणापासून किती पावलें दूर उभें राहावें, कोणाची सावली कोणावर पडूं नये, ह्याचे निर्बंध आपल्या वाडवडिलांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाळले व इतरांकडून पाळून घेतले. ते निर्बंध आरोग्याचे नव्हते, उच्चनीचतेचे होते. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता रद्द केली, तें योग्यच झालें. त्यानंतर सत्तर वर्षांनीं 'अंतर राखा' हीं अक्षरें दुकानांच्या दारांवर दिसूं लागलीं, तेव्हां कित्येकांच्या मनाला तीं बोंचलीं ह्यांत नवल नाहीं.

तथापि सर्व अंतर एकाच प्रकारचें नसतें. दुसऱ्याला हीन लेखून त्याच्यापासून दूर सरणें निराळें, आणि आपल्यामुळें दुसऱ्याला पीडा होऊं नये म्हणून दूर सरणें निराळें. पहिल्यांत अहंकार आहे, दुसऱ्यांत आस्था आहे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही सारखींच दिसतात, आणि म्हणूनच येथें विवेकाची गरज पडते. हा विवेक थोर ग्रंथांतून शिकतां येतोच. परंतु त्या साथीच्या काळांत तो एका अगदीं साध्या, किंबहुना कित्येकांस हास्यास्पद वाटणाऱ्या छंदाच्या निमित्तानेंही शिकावयास मिळाला. डोंगरवाटेवरून एकट्यानें धांवणें हा तो छंद. त्याची हकीगत वाचकांस सादर करावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

हा छंद म्हणजे काय?

मैदानावरील शर्यत आपल्या परिचयाची आहे. आंखलेली वाट, सपाट भूमि, आणि दोहों बाजूंस टाळ्या वाजविणारे लोक. डोंगरवाटेवरील धांव ह्याच्या सर्वस्वीं उलट. गुरांच्या पायवाटा, ओढे, मुरूम, घसारा, ओले खडक ह्यांवरून ती जाते, आणि प्रत्येक पाऊल निराळ्या जागीं, निराळ्या कोनांत पडतें. चढावर दम लागतो हें सर्वांस ठाऊक आहे; परंतु खरी कसोटी उतारावर लागते. उतरतांना मांडीचे स्नायु ताणले जात असतांनाच शरीराचा भार आंवरून धरीत असतात, आणि म्हणूनच गड उतरून आलेल्या मनुष्याच्या मांड्या त्या दिवशीं फारशा न दुखतां दुसऱ्या दिवशीं जिना उतरतांना दुखूं लागतात. शिवाय येथें चित्त पुढच्या दहा हातांवर खिळलेलें असावें लागतें. माळ ओढतांना मन भटकलें तरी मणी पुढें सरकतो. येथें तशी सवलत नाहीं. मन भटकलें कीं घोटा मुरगळलाच म्हणून समजावें.

इंग्लंडच्या उत्तर भागांत ह्या प्रकाराला 'फेल रनिंग' असें म्हणतात. 'फेल' हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेंतून आलेला असून त्याचा अर्थ डोंगर असाच आहे. मेंढपाळांच्या त्या मुलखांत गांवच्या जत्रांतून डोंगरावर धांवत जाऊन परत येण्याच्या शर्यती एकोणिसाव्या शतकापासून होत आल्या आहेत. अलीकडे आपल्या सह्याद्रींतही ह्या छंदानें मूळ धरलें असून, पुण्याच्या टेकड्यांवर आणि सिंहगडाच्या वाटेवर पहांटे धांवणारीं मुलेंमुली दिसणें आतां नवलाचें राहिलेलें नाहीं.

देशोदेशींचे निर्बंध

११ मार्च २०२० रोजीं कोरोनाची साथ जगद्‌व्यापी झाल्याचें जाहीर झालें आणि पुढच्या पंधरा दिवसांत देशामागून देश आपलीं दारें लावून बसले. धांवणाऱ्यांच्या वांट्याला मात्र प्रत्येक देशांत निराळा न्याय आला. स्पेनमध्यें १४ मार्चपासून व्यायामासाठीं बाहेर पडण्यास पूर्ण मनाई होती, ती प्रौढांपुरती २ मे रोजीं सुटली, व तीही ठराविक वेळांपुरतीच. फ्रान्समध्यें घरापासून एक किलोमीटरच्या आंत, दिवसांतून एक तास, आणि तोही खिशांत स्वतः लिहिलेला दाखला ठेवून. तेथील तुलूझ शहरांतील एका तरुणानें आपल्या घराच्या सात मीटर लांबीच्या सज्जांत येरझारा घालीत मॅरेथॉनचे बेचाळीस किलोमीटर पुरे केले. त्याला पावणेसात तास लागले. ब्रिटनमध्यें २३ मार्चपासून दिवसांतून एकदां, एकट्यानें किंवा घरच्या माणसांसह, व्यायामासाठीं बाहेर जाण्याची मुभा होती. आपल्याकडे २५ मार्चपासून जी टाळेबंदी सुरू झाली, तींत अशी मुभा नव्हती. महाराष्ट्रांत ती जूनच्या आरंभीं मिळाली: पहांटे पांच ते सायंकाळीं सात ह्या वेळेंत मोकळ्या जागेंत चालण्या-धांवण्यास व सायकल चालविण्यास अनुज्ञा झाली, समुदायानें जाण्यास मात्र मनाई होती.

ह्या नियमांमागील विचार असा. हा रोग मुख्यतः श्वासावाटे पसरतो, आणि बंद खोलींत पसरतो तितका मोकळ्या हवेंत पसरत नाहीं, कारण वारा श्वासांतील तुषार विरळ करून टाकतो. परंतु स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो व सोडतो, आणि तोच मनुष्य जोरानें धांवूं लागला कीं हें प्रमाण शंभर लिटरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक वाढूं शकतें. म्हणून धांवणाऱ्याचा श्वास हा सामान्य पादचाऱ्याच्या श्वासाहून अधिक काळजीचा विषय झाला. एप्रिल २०२० मध्यें नेदरलँड्स व बेल्जम येथील वायुगतिशास्त्रज्ञांनीं गणितावरून असें सुचविलें कीं, धांवणाऱ्याच्या नेमक्या पाठीमागून जाणाऱ्यानें दहा मीटरचें अंतर ठेवावें. हा अभ्यास वाऱ्याच्या गतीचा होता, रोगाचा नव्हता, आणि त्यावर वादही पुष्कळ झाला. परंतु त्यामुळें एक गोष्ट सर्वांच्या मनावर ठसली. आपला श्वास हा केवळ आपला नसतो. आपल्या पाठीमागून येणाऱ्याच्या वाटेंत तो पडत असतो.

दोन जुनीं उदाहरणें

काळजीचें अंतर ही कांहीं २०२० सालची नवलाई नव्हे. इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत, डोंगरांच्या कुशींत, ईम नांवाचें एक खेडें आहे. १६६५ सालीं लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्याबरोबर तेथें प्लेग शिरला असें सांगतात. पुढच्या वर्षीं विल्यम मॉम्पेसन ह्या तेथील धर्मोपदेशकाच्या सांगण्यावरून गांवकऱ्यांनीं निश्चय केला कीं, आपण गांवाची शीव ओलांडावयाची नाहीं, म्हणजे शेजारचीं गांवें वांचतील. शिवेवरच्या दगडाला भोंकें पाडून त्यांत व्हिनेगर म्हणजे शिर्का ओतीत व त्यांत नाणीं ठेवीत. बाहेरचे लोक तीं नाणीं घेऊन तेथें धान्य ठेवून जात. त्या लहानशा गांवांत सुमारें २६० माणसें मृत्युमुखीं पडलीं, त्यांत मॉम्पेसनची पत्नीही होती. आपला जीव वांचविण्यासाठीं पळून जाण्याची वाट मोकळी असतां हे लोक दुसऱ्यासाठीं थांबले.

आपल्याकडील प्लेगाच्या आठवणी तर कित्येक घरांतून अद्यापि सांगितल्या जातात. घरांत उंदीर मरून पडूं लागले कीं गांव सोडून माळावर, शेतांत झोंपड्या बांधून राहावयास जात, आणि साथ ओसरल्यावरच परतत. त्याच काळांत झालेला १८९७ सालचा साथरोग कायदा महाराष्ट्र सरकारनें मार्च २०२० मध्यें पुनः लागू केला, हें पुष्कळांस वाचून माहीत असेल. त्या कायद्याखालीं १८९७ सालीं पुण्यांत घरझडत्यांचा जो जुलूम झाला, तोही आपल्या इतिहासांत नमूद आहे. तात्पर्य, एकाच साथींत अंतर दोन मार्गांनीं येतें: एक वरून लादलेलें, आणि एक आंतून स्वीकारलेलें. पहिल्याचा अतिरेक २०२० सालींही झाला. ईम ज्या परगण्यांत आहे, त्याच डर्बीशायरच्या पोलिसांनीं त्या मार्चांत डोंगरावर फिरणाऱ्या एकट्या-दुकट्या माणसांचीं छायाचित्रें उडत्या यंत्रांतून घेऊन तीं जगापुढें मांडलीं. पुढें जानेवारी २०२१ मध्यें घरापासून पांच मैलांवर मोटारीनें जाऊन एका जलाशयाकांठीं फिरणाऱ्या दोन मैत्रिणींस प्रत्येकीं २०० पौंड दंड केला, व लोकांनीं ओरड केल्यावर तो मागें घेतला. दुसऱ्या मार्गाचें उदाहरण पाहण्यासाठीं आपल्याला तेथून थोडें उत्तरेस जावें लागेल.

बेचाळीस शिखरें

इंग्लंडच्या वायव्येस 'लेक डिस्ट्रिक्ट' नांवाचा सरोवरांचा व डोंगरांचा प्रदेश आहे. त्यांतील सर्वांत उंच शिखर स्काफेल पाइक ९७८ मीटर उंचीचें, म्हणजे आपल्या कळसूबाईहून बरेंच ठेंगणें. पण पाऊस, धुकें व वारा ह्यांनीं तो मुलूख मोठा अवघड केला आहे. तेथील केझिक गांवीं बॉब ग्रॅहम नांवाचा गृहस्थ प्रवाशांसाठीं निवासगृह चालवीत असे. जून १९३२ मध्यें त्यानें चोवीस तासांच्या आंत बेचाळीस शिखरांना पाय लावून पुनः केझिकचा चौक गांठला. त्याला २३ तास ३९ मिनिटें लागलीं. पायांत टेनिसचे बूट, अंगांत पायजम्याचा सदरा, आणि शिदोरी पाव, लोणी, अंडीं, फळें व मिठाई अशी. वाट सुमारें १०६ किलोमीटरांची, आणि सर्व चढांची बेरीज सुमारें २७,००० फूट, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीहून थोडीच कमी. हा पराक्रम अठ्ठावीस वर्षें कोणालाही साधला नाहीं. १९६० सालीं ॲलन हीटन ह्यानें तो प्रथम मोडला. १९७१ सालीं ह्या फेरीच्या नांवानें मंडळ स्थापन झालें, आणि आजपर्यंत दोन हजारांहून अधिक लोकांनीं ही फेरी पुरी केली आहे.

ह्या मंडळाचा एक नियम मोठा विचार करण्याजोगा आहे. प्रत्येक शिखरावर धांवणाऱ्याबरोबर निदान एक साक्षी असला पाहिजे. नाहीं तर फेरीची नोंद होत नाहीं. पाय ज्याचे त्यानेंच चालवावयाचे, दम ज्याचा त्यानेंच सोसावयाचा. पण तो एकटा होता असें म्हणण्याची सोय नाहीं. कोणी वाटेवर चहाची किटली घेऊन उभा असतो, कोणी धुक्यांत वाट दाखवितो, कोणी घरीं वाट पाहत बसतो.

ह्या डोंगरांचा सर्वांत नांवाजलेला धांवपटु जॉस नेलर हा वॉसडेल खोऱ्यांतील मेंढपाळ होता. तरुणपणींच पाठीचें दुखणें जडून त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली होती. असें असतां १९७५ सालीं त्यानें चोवीस तासांच्या आंत ७२ शिखरें केलीं. वयाच्या साठाव्या वर्षीं साठ आणि सत्तराव्या वर्षीं, म्हणजे २००६ सालीं, सत्तर शिखरें त्यानें एका दमांत पालथीं घातलीं. २०२४ सालीं अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन तो वारला. साठी उलटली कीं पायांना निवृत्तिवेतन द्यावें असें मानणाऱ्या माझ्यासारख्यांनीं ही गोष्ट मुद्दाम लक्षांत ठेवावी.

डोंगर मोकळे, पण पाय थांबलेले

आतां २०२० सालच्या वसंत ऋतूकडे येऊं. शर्यती रद्द झाल्या होत्या. परंतु डोंगर कांहीं कोणी कुलुपांत घातले नव्हते. डोंगराच्या पायथ्याशींच राहणाऱ्या मनुष्याला घराचें दार उघडून शिखरावर धांवत जाण्यास कायद्याची आडकाठी नव्हती, आणि निर्जन शिखरावर अंतर राखण्याचा प्रश्नही नव्हता. तर्कानें पाहतां एकट्या धांवणाऱ्याइतका निरुपद्रवी प्राणी दुसरा नाहीं. मग त्या प्रांतांतील पर्वतबचाव पथकांनीं लोकांना उंच डोंगर सोडून द्या अशी विनवणी कां केली?

कारण असें कीं, हीं पथकें स्वयंसेवकांचीं आहेत. केझिकचें पथक १९४७ सालचें. त्यांतील माणसें पगारी नव्हेत. शिक्षक, दुकानदार, शेतकरी, डॉक्टर, परिचारिका असे लोक रात्रीं-अपरात्रीं हांक आली कीं अंथरूण सोडून निघतात. पाय मोडलेल्या मनुष्याला झोळींतून उतरवून आणावयाचें म्हणजे दहा-बारा जणांनीं खांद्याला खांदा लावून, पाळीपाळीनें तास न्‌ तास वाहून न्यावें लागतें. तेथें सहा फुटांचें अंतर कसें राखणार? एका घोटा मुरगळलेल्या धांवपटूपायीं संपूर्ण पथक विलगीकरणांत जाण्याचा संभव. आणि त्यांतील डॉक्टर व परिचारिका तर रुग्णालयांत हव्या होत्या. ही गोष्ट समजल्यावर कित्येक धांवपटूंनीं उंच शिखरें आपण होऊन सोडलीं, आणि घराजवळच्या ठेंगण्या टेकाडांवर, पडलों तर स्वतः लंगडत घरीं येतां येईल अशा वाटांवर, ते धांवत राहिले.

ही भीति काल्पनिक नव्हती, हें पुढच्याच वर्षीं दिसून आलें. फेब्रुवारी २०२१ मध्यें, टाळेबंदी चालू असतां, दूरच्या शहरांतून आलेल्या दोघांनीं किर्कस्टोन खिंडीच्या वरच्या डोंगरावर तंबू ठोकला. रात्रीं त्यांतील एकाच्या छातींत कळ आली. अंधारांत, थंडीवाऱ्यांत पथक निघालें, आणि वर चढतांना एक स्वयंसेवक घसरून सुमारें दीडशें मीटर खालीं गेला. त्याच्या पाठीच्या कण्याला इजा होऊन तो कायमचा अधू झाला. ज्याच्यासाठीं हांक गेली होती त्याचें दुखणें तितकें गंभीर नव्हतें. तंबू ठोकणाऱ्यांस दंड झाला तो प्रत्येकीं दोनशें पौंड. लोकांनीं त्या स्वयंसेवकासाठीं मोठा निधि जमविला, हें त्या समाजाला भूषणावह आहे. परंतु निधीनें कणा सांधत नाहीं. ते दोघे धांवणारे नव्हते हें खरें. पण 'आम्ही निर्जन जागीं आहों, आमच्यापासून कोणाला काय उपद्रव?' हा त्यांचा विचार एकट्या धांवणाऱ्याच्याही मनांत सहज येणारा आहे. निर्जन जागा ही मदत पोंचेपर्यंतच निर्जन असते.

संयमाचें फळही त्याच प्रदेशांत पाहावयास मिळालें. मे महिन्यांत निर्बंध सैल झाले आणि जुलैंत, शर्यती अद्यापि बंद असतां, एकेकट्यानें जुने उच्चांक मोडण्याची जणूं लाट आली. किम कॉलिसन ह्यानें चोवीस तासांत ७८ शिखरें करून १९९७ सालचा ७७ शिखरांचा उच्चांक मागें टाकला. बेथ पॅस्कल ह्या बाईंनीं बॉब ग्रॅहमची फेरी १४ तास ३४ मिनिटांत पुरी केली. स्त्रियांमध्यें इतक्या वेगानें ती तोंपर्यंत कोणींच केली नव्हती. इंग्लंडच्या कण्यावरून जाणाऱ्या ४३१ किलोमीटरांच्या 'पेनाइन वे' ह्या वाटेवर १९८९ सालचा उच्चांक जॉन केली ह्यानें ६४ तास ४६ मिनिटांत मोडला, आणि आठवड्याभरानंतर डेमियन हॉल ह्यानें ६१ तास ३५ मिनिटांत तोही मोडला. ह्या हॉलनें व त्याच्या सोबत्यांनीं धांवतां धांवतां वाटेवरचा केरकचरा उचलला. ज्यांनीं वसंतांत स्वतःला आंवरलें होतें, त्यांच्या पायांत ग्रीष्मांत बळ कमी पडलें नाहीं.

आपल्या घरांत आणि आपल्या डोंगरांत

वाचक म्हणतील, हें सर्व दूरदेशचें झालें. परंतु एकत्र कुटुंबांत ह्या प्रश्नाला एक निराळीच धार होती. आमच्या घरीं लहानथोर मिळून अकरा माणसें. एरवीं दिवसभर कोणी कचेरींत, कोणी शाळेंत, म्हणून घर मोठें वाटे. टाळेबंदींत तेंच घर चिमूटभर झालें. पासष्टीवरील माणसांनीं व दहा वर्षांखालील मुलांनीं बाहेर पडूं नये असा सरकारचा सांगावा होता, आणि आमच्याकडे दोन्ही प्रकारचीं माणसें होतीं. जो बाहेर जाईल तो घरांतील वृद्धांसाठीं रोग घेऊन येईल ही भीति. आणि जो मुळींच बाहेर जाणार नाहीं त्याचा जीव गुदमरेल ही दुसरी. अकरा माणसांच्या घरांत एकान्त ही सर्वांत दुर्मिळ वस्तु असते, आणि तरुण मनाला ती अन्नाइतकीच लागते, हें त्या दिवसांत प्रथमच उघडपणें दिसलें.

आमची एक नात महाविद्यालयांत शिकत होती. ती प्रथम गच्चीवर धांवूं लागली. गच्ची चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद. म्हणजे ४४ फेरे झाले कीं एक मैल. रोज दोन मैलांचे ८८ फेरे ती घाली व कठड्यावर कोळशानें रेघा ओढी. जूनमध्यें अनुज्ञा मिळतांच तिनें टेकडीवर जाण्याची गोष्ट काढली. तिची आजी म्हणाली, "एकटी जाणार? निदान शेजारच्या मुलीला तरी बरोबर घे."

"दोघी मिळून गेलों तर नियमभंग होईल, आजी. सध्यां एकटीनेंच जायचें असतें."

"म्हणजे मुलीच्या एकटेपणाला आतां सरकारचा आधार मिळाला म्हणायचा!" आजीनें सुपारी कातरीत म्हटलें; पण ना म्हटलें नाहीं. दाराशीं एक पाटी टांगण्यांत आली. निघण्याची वेळ, जाण्याची वाट व परतण्याची वेळ तिनें पाटीवर लिहावी. ठरल्या वेळेवर अर्धा तास उलटला तर फोन करावा, आणि एक तास उलटला तर तिच्या काकानें त्याच वाटेनें निघावें, असा ठराव झाला. परत आल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलून, मगच माजघरांत यावयाचें. पाटी पुसण्याचें काम धाकट्या भावाकडे. निर्बंध केव्हांच संपले, आणि ५ मे २०२३ रोजीं आरोग्य संघटनेनें आणीबाणीही संपल्याचें जाहीर केलें. पाटी मात्र अद्यापि जागेवर आहे, कारण मुलीला एकटीनें जाऊं देण्याचें धैर्य त्या पाटीनें वडील माणसांना दिलें.

सह्याद्रीच्या गांवांचाही येथें विचार केला पाहिजे. मार्च २०२० च्या अखेरीस महाराष्ट्रांतील कित्येक खेड्यांनीं आपल्या वाटांवर कांटेरी फांद्या व ओंडके टाकून बाहेरच्यांस बंदी केली. शहरांतील कांहीं लोक ह्याला अडाणीपणा म्हणाले. परंतु ज्या गांवांत डॉक्टर नाहीं आणि रुग्णालय वीस कोसांवर आहे, त्या गांवानें शिवेवर कांटे टाकले तर त्याला दोष कोणत्या तोंडानें द्यावयाचा? किल्ल्याच्या पायथ्याचें गांव हें धांवणाऱ्याला क्षणभर पाणी पिण्याची जागा वाटतें. तेथें राहणाऱ्या आजीबाईला तेंच सर्व जग असतें. आपल्याकडेही लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र' सारख्या संस्थांचे स्वयंसेवक दरींत पडलेल्यांस वर आणण्याचें काम करीत आले आहेत. तेही कोणाचे तरी मुलगे व वडील आहेत.

एकट्यानें जाणाऱ्यास सूचना

ज्यांच्या घरीं असा छंद असेल त्यांच्या उपयोगासाठीं थोड्या सूचना देतों. वाट व वेळ घरीं सांगून जावें, आणि सांगितलेली वाट मध्यें बदलूं नये. अनोळखी वाट प्रथम चालत पाहावी, धांवत नव्हे. उन्हाळ्यांत सूर्योदयापूर्वीं निघून ऊन तापण्याच्या आंत परतावें. घाम थांबला, डोकें दुखूं लागलें, बोलणें असंबद्ध होऊं लागलें तर तो उष्माघात समजून तत्काळ सावली, पाणी व मदत मिळवावी. पावसाळ्यांत कातळावरचें शेवाळ व गवतांतले सर्प ह्यांचें भान ठेवावें. धबधब्याच्या माथ्यावर जाऊं नये. गळ्यांत एक शिट्टी असावी. संकटाची खूण म्हणून मिनिटांत सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुनः सहा, हा संकेत पर्वतांत जाणाऱ्यांत अनेक देशांत रूढ आहे. उत्तरादाखल तीन शिट्ट्या येतात. आपल्या देशांत मदतीसाठीं ११२ हा दूरध्वनि क्रमांक आहे. आणि जेथें फोन लागत नाहीं तेथें, आपण आजारी आहों किंवा पाऊल सांशंक आहे असें वाटतांच, परत फिरावें. परत फिरण्यांत लाज नाहीं. शिखर जागचें हलत नसतें.

आरंभीं दोन अंतरांचा भेद सांगितला, तो आतां ओळखावयाचा कसा? माझ्या मतें कसोटी सोपी आहे. जें अंतर राखतांना दुसऱ्याला बाजूला व्हावें लागतें, तें तुच्छतेचें. आणि जें राखतांना आपण स्वतः बाजूला होतों, तें काळजीचें. आपल्या जुन्या गल्ल्यांतून कांहीं लोकांनींच नेहमीं बाजूला व्हावयाचें, असा रिवाज होता, आणि तो मोडावयास फार काळ लागला. डोंगरावरची पायवाट हातभर रुंद असते. समोरून मोळी घेऊन बाई येते, काठी टेंकीत म्हातारा येतो, शेळ्या घेऊन पोर येतें. आणि भरधांव येणारा तरुण वाट सोडून गवतांत उतरतो, तोंड वळवून उभा राहतो, आणि ते पुढें गेल्यावर पुनः धांवूं लागतो. त्याला कोणाची जात विचारावी लागत नाहीं. वाट अरुंद असली म्हणजे कोणीतरी बाजूला व्हावेंच लागतें. ज्याच्या पायांत अधिक बळ आहे, त्यानें व्हावें.